एक्लेक्टस दर पावसाळ्यात पिसं उपटतो: कारण कुठे शोधायचं

गोव्यात मिरगाचा पाऊस स्थिरावला की पोपट पाळणाऱ्यांचे निरोप यायला लागतात. फोटो बहुतेक सारखेच असतात. हिरवागार एक्लेक्टस पोपट, डोकं शाबूत, शेपटी शाबूत, आणि छातीवर करड्या लवेचा उघडा पट्टा. खाली एक ओळ: ‘गेल्या वर्षीही असंच झालं होतं. औषध दिलं, बरा झाला. आता परत.’

ह्या ‘परत’मध्येच अर्धं उत्तर आहे. औषध, गळ्यातली कॉलर, कडू स्प्रे ह्यांनी उपटणं थांबतं, पण उपटायला लावणारी गोष्ट घरातच राहते. थंडीत ती कमी होते, म्हणून आपण बरा झाला म्हणतो, आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा तिथेच येतो. म्हणून पक्ष्याबद्दल काही बोलण्याआधी मी एकच विचारतो: मे आणि जुलैच्या मध्ये तुमच्या घरात काय काय बदललं?

आधी सगळे म्हणतात, काहीच नाही. मग बोलता बोलता निघत जातं. पिंजरा वसरीतून (व्हरांड्यातून) आत घेतला. खिडक्या बंद झाल्या. संध्याकाळी डासांची कॉइल लागायला लागली. कपाटात डांबराच्या गोळ्या पडल्या. पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायचं, सामान भरताना पोपटाच्या बियाही एकदमच भरल्या. शाळा सुरू झाली, दिवसभर घरात कोणी नाही. एवढं सगळं बदललं, आणि ‘काहीच नाही’!

आता पक्ष्याविषयी थोडं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एक्लेक्टस हा न्यू गिनी, सॉलोमन बेटं, मोलुक्का बेटं आणि ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य टोकावरचं केप यॉर्क ह्या भागांतल्या सखल वर्षावनांचा पोपट. नर हिरवा, चोच केशरी-पिवळी. मादी लाल आणि निळी-जांभळी, चोच काळी. दोघांत इतका फरक की एके काळी ह्या दोन वेगळ्या जाती मानल्या जात. रानात हे पक्षी उंच झाडांवरची फळं, अंजिराच्या कुळातली फळं, बिया, फुलं, मध असं खात दिवसभर फिरतात. आपल्याकडे येतो तो पिंजऱ्यात वाढलेला, बहुधा हाताने भरवलेला नर. माणसाळलेला, शांत, बोलका. शांत असतो म्हणूनच त्याचा त्रास उशिरा कळतो. काकाकुवा बिनसला तर वाडा डोक्यावर घेतो. एक्लेक्टस कोपऱ्यात बसून निमूट छाती कुरतडतो.

आधी खात्री करा की तो खरंच उपटतोय

नव्याने पाळणाऱ्याला दोन गोष्टी चकवतात. एक, एक्लेक्टसच्या डोक्याची आणि छातीची पिसं मुळातच केसांसारखी मऊ, काठ न दिसणारी असतात. ती विस्कटली की पक्षी झडल्यासारखा वाटतो. दुसरी, नैसर्गिक पीसझड. ती वर्षभर थोडी थोडी चालू असते, मध्येच जोर धरते. त्या काळात नवी पिसं पांढरट नळीतून बाहेर येतात, अंगाला खाज सुटते, पक्षी नळ्या सोलतो आणि पिंजऱ्याखाली कोंड्यासारखा भुगा पडतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

फरक कळतो तो पिंजऱ्याच्या तळाशी. सकाळी ट्रे बाहेर काढा आणि एकेक पीस उजेडात धरून बघा. आपसूक गळलेल्या पिसाचा देठ कोरडा, स्वच्छ, टोकाशी बंद असतो, आणि पीस अखंड असतं. उपटलेल्या पिसाचा देठ मऊ असू शकतो, आत काळपट लाल रक्ताची रेघ दिसते, कधी टोकाला ओलसर कण चिकटलेला असतो. कुरतडलेलं पीस तर लगेच ओळखू येतं: कडेला खाच पडलेली, मधली दांडी चेचलेली, किंवा अर्धंच पीस. जितकी पिसं सापडतात त्यांचे असे तीन ढीग करा आणि फोटो काढून ठेवा. डॉक्टरांना तुमच्या शब्दांपेक्षा हे ढीग जास्त सांगतील.

मग डोक्याकडे बघा. पक्ष्याची चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचत नाही. तेव्हा अंग उघडं आणि डोकं भरलेलं असेल तर काम त्याचं स्वतःचं. डोक्याचीही पिसं जात असतील, तर शेजारचा पक्षी उपटतोय किंवा आजार आहे. ह्या दुसऱ्या बाबतीत पुढचं वाचत बसू नका, थेट डॉक्टरकडे जा.

पिसांवर आडव्या फिकट रेघा दिसल्या, म्हणजे प्रत्येक पिसावर त्याच उंचीवर बारीक खरवडल्यासारखी ओळ, तर ते पीस वाढत असताना पक्ष्याला काही कमी पडलं होतं किंवा ताण आला होता असं समजायचं. हिरव्या पिसावर काळपट डाग दिसतात त्याचंही कारण आहे. पोपटाचा हिरवा हा निव्वळ रंग नसतो. पिसाच्या आतल्या बारीक रचनेतून दिसणारा निळा आणि पिसातलं पिवळं रंगद्रव्य मिळून तो हिरवा होतो. कुरतडून किंवा तेलकट हातांनी सारखं चोळून ती रचना बिघडली की खालचा काळा उघडा पडतो. पिवळं कमी पडलं तर पीस निळसर दिसतं. रंग बदलला म्हणून बाजारातलं ‘कलर टॉनिक’ आणू नका. हे पिवळं द्रव्य पोपटाचं शरीर स्वतः बनवतं, अन्नातून चढवता येत नाही.

डॉक्टर आधी, बाकी सगळं नंतर

घरातल्या बदलांवर माझा कितीही भर असला तरी आजार नाहीत हे आधी ठरलं पाहिजे. चोच आणि पिसं बिघडवणारा विषाणू, बुरशीमुळे होणारा श्वसनमार्गाचा संसर्ग, यकृताचे विकार, आतड्यातले जंत, धातूची विषबाधा ह्या सगळ्यांत पिसं बिघडतात किंवा पक्षी उपटायला लागतो. गावोगावचे पशुवैद्य गुरं, कुत्री, मांजरं ह्यांत मुरलेले असतात; पक्ष्यांवर हात बसलेला डॉक्टर शोधावा लागतो. त्यासाठी पणजी, मडगावपर्यंत जावं लागलं तरी जा. बाहेरच्या बाहेर ‘खाजेची गोळी’ माणसांच्या डब्यातून देऊ नका. जेमतेम चारशे-पाचशे ग्रॅमचा जीव आहे तो.

जाताना बरोबर न्यायचं: पिसांचे ते तीन ढीग, सकाळच्या ताज्या विष्ठेचा फोटो, काय काय खातो त्याची प्रामाणिक यादी (चहात बुडवलेला पाव देत असाल तर तोही लिहा, लाजू नका), आणि वजनाची वही. वजनाची सवय लावाच. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा, त्यावर एक दांडी, रोज सकाळी पहिली विष्ठा झाल्यावर आणि खाण्याआधी. पक्षी आजार लपवतो. वजन लपवता येत नाही. दहा टक्क्यांच्या आसपास घट दिसली तर पिसांची चर्चा सोडा आणि तो दिवस डॉक्टरांसाठी ठेवा.

तपासण्या स्वच्छ आल्या, तरीही उपटतोय, आणि तेही ठरावीक महिन्यांतच, अशा पक्ष्यांसाठी पुढचं आहे.

पिंजऱ्यावरचा पांढरा गंज

किनाऱ्याजवळच्या घरांत हे कारण सर्रास सुटतं. बार्देश, तिसवाडी, साष्टी ह्या तालुक्यांच्या खाऱ्या हवेत गॅल्व्हनाइज्ड जाळी पावसाळ्यात पांढरी पडते. बोट फिरवलं तर खडूसारखी भुकटी लागते. ती जस्ताची संयुगं असतात. पोपट चढतो तो चोचीने, आणि चढताना ती भुकटी त्याच्या जिभेवर जाते. जस्त अंगात साचलं तर पक्षी जास्त पाणी पितो, पातळ पाणचट विष्ठा टाकतो, मलूल होतो. पिसं उपटण्याशीही ह्या विषबाधेचा संबंध लावला जातो. रक्ततपासणीत जस्त मोजता येतं, आणि धातूचा तुकडाच गिळला असेल तर एक्स-रेमध्ये दिसतो.

उपाय दोन. तात्पुरता म्हणजे पक्षी दुसरीकडे ठेवून जाळी व्हिनेगर आणि ब्रशने घासायची, भरपूर पाण्याने धुवायची, वाळवायची. ह्याने सुटी भुकटी जाते, जस्त जात नाही. कायमचा म्हणजे स्टेनलेस स्टीलचा पिंजरा. महाग पडतो, पण पक्षी नीट जगला तर काही दशकं तुमच्याकडे राहणार आहे. दर दोन वर्षांनी रंग उडालेला पिंजरा बदलण्यापेक्षा एकदाच घ्या. तेवढे पैसे नसतील तर किमान पावडर-कोटिंग उडालेली जागा बघून पिंजरा बाद करा. पितळी घंटा, जस्ताचा मुलामा दिलेल्या साखळ्या, खेळण्यांचे स्वस्त हूक हेही त्यातच आले.

पुरुमेंतातलं पोतं

मे महिन्यात पावसाळ्याचं सामान भरायची आपली रीत. सुकं मासळं, मिरची, कोकम, कडधान्यं, आणि पोपट असेल तर त्याच्या बिया, शेंगदाणे. माणसांच्या सामानाला आपण ऊन दाखवतो, बरण्या पुसतो. पोपटाचं पोतं कोठीत भिंतीला टेकून राहतं. जुलैत त्यावर बुरशी धरते. आपल्याला दिसत नाही, कारण साल धड असते आणि बुरशी आत असते.

शेंगदाण्यांवरच्या बुरशीतून अफलाटॉक्सिन तयार होतं आणि ते यकृतावर बसतं. भाजून ते जात नाही. भाजलेले दाणे सुरक्षित, हा समज सोडा. मूठभर बिया फोडून आतला दाणा बघा, वास घ्या. कुबट वास, काळा डाग, पिवळी-हिरवी पूड, काहीही दिसलं तर पूर्ण पोतं टाकून द्या. निवडून वापरू नका. पावसाळ्यात बिया थोड्याच आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा.

त्याहून मोठा मुद्दा असा की ह्या पोपटाला पोतंभर बिया हव्यात कशाला? सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेल्या पोपटात जीवनसत्त्व अ कमी पडतं. कातडी कोरडी होते, श्वासमार्गाची आतली त्वचा बिघडते, पिसं निकृष्ट येतात. बिया हा चाखायचा पदार्थ, जेवण नव्हे. जेवण म्हणजे भाजी आणि फळं, आणि त्या बाबतीत गोव्यात राहणारा पोपट भाग्यवान. पपई, लाल भोपळा, रताळं, गाजर, शेवग्याचा पाला, तांबडी भाजी थोडी, पेरू, केळं, जांभूळ, मोड आलेले मूग. उंबर मिळाला तर फारच उत्तम, रानातल्या त्याच्या जेवणाच्या सगळ्यांत जवळचं ते. जास्वंदीची फुलं देऊन बघा, पाकळ्या फाडून आतला मध चाटतो. हिरवी मिरची बिनधास्त द्या. पक्ष्यांना तिखट लागत नाही. बोंडू (काजूचं फळ) चालतो, पण सालीसकटची कच्ची काजूबी कधीच नको, तिच्या सालीतला चीक तोंड भाजतो. ॲव्होकाडो, चॉकलेट, खारवलेले काजू, फरसाण बंद. मोड आलेलं कडधान्य आणि चिरलेली फळं ह्या दमटपणात दोन-तीन तासांत आंबतात, म्हणून सकाळी ठेवलेलं भांडं दुपारपर्यंत राहू देऊ नका.

आणि चतुर्थीच्या दिवसांत एक सांभाळा. माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-फुलांच्या चौकटीला, बांधलेलं सगळंच खाण्यातलं नसतं. विसर्जनानंतर उतरवलेली रानफळं कौतुकाने पोपटापुढे टाकणारे लोक मी पाहिलेत. माटोळीत लालभडक दिसणारं कवंडळ विषारी आहे. ओळखीचं, आपण स्वतः खातो ते फळच द्या.

बोटं आपटतो, पंख झटकतो

हे एक्लेक्टसचं खास लक्षण, आणि पिसं उपटण्याच्या तक्रारीबरोबर ते बऱ्याचदा जोडीने येतं. पक्षी दांडीवर बसल्या बसल्या पायाची बोटं मिटतो-उघडतो, टक टक टक आवाज येतो, थांबवता येत नाही. किंवा काही कारण नसताना पंखाला हिसडा देतो. घरच्यांना आधी गंमत वाटते, व्हिडिओही काढतात.

एक्लेक्टस पाळणारे आणि पक्ष्यांचे डॉक्टर ह्याचा संबंध वरून जीवनसत्त्वं, खनिजं घातलेल्या खाण्याशी लावतात. रंगीत पेलेट (पोपटांसाठी तयार केलेलं दाणेदार खाद्य), पाण्यात टाकायचे थेंब, टॉनिक, शिवाय आपल्या ताटातली बिस्किटं आणि ब्रेड. होतं असं: पिसं गेली म्हणून दुकानदार मल्टिव्हिटॅमिन देतो, थेंब सुरू होतात, बोटं आपटायला लागतात, त्यावर आणखी कॅल्शियम. चक्र वाढत जातं. डॉक्टरांनी तपासून लिहून दिलेलं औषध सोडून बाकी सगळं वरचं बंद करा आणि ताज्या खाण्यावर आणा. पेलेट द्यायचेच असतील तर बिनरंगी, आणि थोडे. खाणं बदलल्यावर हे आपटणं बहुधा हळूहळू ओसरतं; न ओसरल्यास रक्तातलं कॅल्शियम मोजून घ्यायला हवं.

कोठीतला काळोख

माझ्या मते दर पावसाळ्यात परत येणाऱ्या तक्रारींत सगळ्यांत दुर्लक्षित कारण हे.

झड लागली की पिंजरा वसरीतून आत येतो. आतली खोली म्हणजे कोठी किंवा जिन्याखालची जागा. उबदार, अंधारी, तीन बाजूंनी बंद. वर थंडी वाजेल म्हणून चादर टाकली जाते. आपल्या दृष्टीने ही माया. पोपटाच्या दृष्टीने ती झाडाची ढोली.

संशोधक रॉबर्ट हाइन्सोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केप यॉर्कच्या आयर्न रेंज भागातल्या रानात ह्या पक्ष्यांचा दीर्घ अभ्यास केला. 2005 साली त्यावर ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात शोधनिबंध आला. तिथे चांगल्या ढोल्या कमी. मादी ढोली धरून बसते, वर्षातले अकरा महिनेपर्यंत ती सोडत नाही, आणि एकाहून जास्त नर तिला अन्न आणून भरवतात. मादी लाल असते कारण ‘ही ढोली घेतलेली आहे’ हे दुसऱ्या माद्यांना दुरून दिसायला हवं. नर हिरवा, कारण रानभर फळं शोधत फिरताना शिकारी पक्ष्यांच्या नजरेपासून पानांत लपायला हवं. म्हणजे ह्या जातीच्या जगण्याचा गाभाच ढोली आणि भरवणं हा आहे. अंधारी उबदार जागा मिळाली की मादी अंड्यांवर येते, नर भरवायला कोणीतरी शोधतो. मग तो तुमच्या हातावर अन्न ओकतो, माणसाच्या बोटावर अंग घासतो, कपाटाखाली शिरतो, कुटुंबातल्या एकाच माणसाला चिकटतो आणि बाकीच्यांना चावतो. जोडीदार नाही, ढोली खरी नाही, सगळी उसळी आत कोंडते, आणि चोच स्वतःच्या छातीकडे वळते.

तेव्हा पावसाळ्यात पिंजरा आत घ्यायचाच असेल तर उजेडाच्या खोलीत घ्या. एक बाजू भिंतीला, बाकी उघड्या. पिंजऱ्यात खोकं, पिशवी, झोपायची कापडी झोळी, आरसा काही नको. कोमट, मऊ, लापशीसारखं अन्न देऊ नका, ते भरवण्याची आठवण करून देतं. कुरवाळायचं फक्त डोक्यावर आणि गालावर. पाठीवरून हात फिरवणं, पंखाखाली बोट घालणं बंद. घरातल्या पाहुण्यांनाही हे सांगावं लागतं, कारण पोपट दिसला की पाठीवरून हात फिरवायचा मोह कोणालाच आवरत नाही. झोप मात्र पुरी हवी, दहा-बारा तास, शांत. टीव्हीच्या खोलीत मालिका संपेपर्यंत जागणारा पोपट चिडका होतो.

ह्याच बंद खोलीत हवेचाही प्रश्न येतो. पक्ष्याची फुप्फुसं आणि हवेच्या पिशव्या आपल्याहून फार नाजूक. कॉइल, धूप, कापूर, अगरबत्ती, डांबराच्या गोळ्या, भिंतीवरची बुरशी, ओल्या कपड्यांचा कुबट वास हे सगळं बंद खिडक्यांत साचतं. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पोपट काही मिनिटांत मरू शकतो, म्हणून पिंजरा स्वयंपाकघराला लागून नको. डासांसाठी खिडकीला आणि पिंजऱ्याभोवती जाळी लावा, कॉइल नको.

उजेड आणि पाणी, दोन्ही पावसाळ्यात उलटं होतं: बाहेर पाणीच पाणी, आणि पोपटाची आंघोळ बंद. एरवी अंगणात फवारा मारणारे लोक ‘सर्दी होईल’ म्हणून चार महिने त्याला कोरडा ठेवतात. वर्षावनातला पक्षी आहे हा. सकाळी साध्या पाण्याचा बारीक फवारा, किंवा भुरभूर असताना थोडा वेळ वसरीच्या कडेला पिंजरा, एवढं द्या, आणि अंधार पडायच्या आत अंग वाळू द्या. ऊन पडलं की ते सोडू नका, पिंजरा बाहेर काढा, अर्धी बाजू सावलीत ठेवून. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा जीवनसत्त्व ड बनायला उपयोग होत नाही. पिसांवर खोबरेल, हळद, कडुनिंबाचं तेल लावू नका. तेल बसलेलं पीस साफ करण्यासाठी पोपट ते आणखी चावतो.

आणि त्याला काम द्या. रानात जो दिवसभर जेवण शोधतो त्याच्यापुढे आपण वाटी ठेवतो, दहा मिनिटांत संपतं, उरलेला दिवस चोचीला काही नाही. नारळाचं सोडण (काथ्याचं जाड साल), पोफळीची विरी (झावळीच्या बुडाचं रुंद आवरण), मक्याचं कणीस, पेरूची सालीसकट फांदी, आत तुकडे लपवलेला कागदाचा बोळा. विरी आणि सोडण वाळलेलं हवं, बुरशी धरलं की फेका. कण्हेरीची फांदी चुकूनही नको.

चतुर्थी आणि नरकासुर

काही पक्षी जूनमध्ये ठीक असतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतात, किंवा सावरलेला पक्षी दिवाळीच्या तोंडाला पुन्हा बिघडतो. तिथे आवाज बघा. चतुर्थीत घर माणसांनी भरतं, फटाके होतात, आरत्या-घुमटं रात्री उशिरापर्यंत. दिवाळीच्या पहाटे नरकासुराचे पुतळे जाळतात, त्या रात्री तर पहाटेपर्यंत स्पीकर. अंधारात दचकलेला पोपट पिंजऱ्यात आपटतो, पंख मोडून घेतो. त्या रात्री पिंजरा रस्त्यापासून लांबच्या खोलीत न्या, मंद दिवा चालू ठेवा, पंखा लावा म्हणजे बाहेरचे धक्के थोडे बुजतात. खोली बदलायची असेल तर आठवडाभर आधी बदला. त्याच दिवशी नवी जागा आणि नवा आवाज एकत्र आले तर ते सोसत नाही.

सगळं एकदम बदलू नका

पिंजरा, खाणं, खोली, वेळापत्रक एकाच रविवारी बदललं तर कशाने फरक पडला ते कळणार नाही, आणि एवढ्या बदलानेच पक्षी आणखी बिथरेल. पांढरा गंज, बुरशीच्या बिया आणि धूर मात्र आजच्या आज हटवा, त्यांत थांबण्यासारखं काही नाही. नंतर खोली आणि उजेड. मग खाणं, हळूहळू, रोजच्या वजनावर नजर ठेवून, कारण हट्टी पोपट नवं अन्न न खाता उपाशी बसू शकतो. वहीत तारीख, काय बदललं, ट्रेमध्ये कशी पिसं मिळाली, एवढंच लिहा. पुढच्या वर्षी मिरगाच्या आधी ती वही काढली की खोली, पोतं, जाळी आधीच बघता येतात.

पिसं परत यायला वेळ लागतो. मुळापासून उपटलेलं पीस काही आठवड्यांत उगवायला लागतं; कुरतडलेलं अर्धं पीस पुढच्या पीसझडीपर्यंत तसंच राहतं. म्हणून छाती भरली नाही ह्याचा अर्थ उपाय फसला असा नाही. ट्रेमधली उपटलेली पिसं कमी होताहेत का, ते बघा. वर्षानुवर्षं उपटलेल्या जागी मूळच खराब झालं असेल तर तिथे पीस येतच नाही. पोपट त्यामुळे मरत नाही, नुसता कुरूप दिसतो. कॉलर फक्त जखम भरेपर्यंत, तीही डॉक्टर म्हणतील तर.

नवं उगवणारं पीस तुटून रक्त वाहायला लागलं तर स्वच्छ कापडाने दाबा, कॉर्नफ्लोअर लावा. काही मिनिटांत थांबलं नाही तर निघा. कातडी सोडून मांस कुरतडत असेल तर रात्र काढू नका.

आणि कागदपत्रं. परदेशी पोपट ठेवताना त्याची नोंदणी लागते. 28 फेब्रुवारी 2024 च्या नियमांनुसार ती ‘परिवेश’ पोर्टलवर होते. विकत घेताना विकणाऱ्याकडून कागद मागा, नंतर डॉक्टरकडे किंवा दुसऱ्या राज्यात नेताना अडचण येत नाही. रानातून आणलेला कीर किंवा तुईया (आपल्याकडचे रानपोपट) घरात असेल आणि तो पिसं उपटत असेल, तर त्याला वरचं काहीही लागू करू नका. आपल्या देशातले पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे. त्याने वनखात्याकडे जायला हवं. परस्पर उडवूनही देऊ नका, पिंजऱ्यात राहिलेल्या पंखांना लगेच उडता येत नाही आणि कुत्रं-मांजर वाट बघत असतं.